काका, ह्या कोण?

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हातासोबत त्यांचे शब्दही गेले. हात हळूहळू परत आला, शब्दांचं मात्र काही खरं नव्हतं. म्हणून जासईजवळच्या गावातून मी आई-बाबा दोघांनाही करंजाडेला माझ्याकडे आणलं. तिथून रिक्षाने पनवेलला जायचो, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे.

मॅडम चित्रं दाखवायच्या. कप, चावी, होडी. बाबा घाम गाळत एकेक शब्द बाहेर काढायचे. मग त्या आईकडे बोट दाखवून विचारायच्या, "काका, ह्या कोण?" बाबा आईकडे नुसते बघत राहायचे. आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे, नाव घेऊन काय पोट भरतंय?" पण परतताना रिक्षात ती सारखी बाहेर बघत बसायची. ज्या माणसाला चावी आठवते त्याला आपण आठवत नाही, हे तिला फार लागलं होतं.

आता यात बाबांचा तरी काय दोष? उभ्या जन्मात त्यांनी तिला "आयकलंस का?" अशीच हाक मारली. ती त्यांना "अवो" म्हणायची. गावाला ती कुणाची वैनी, कुणाची काकी. लग्नात बाबांनी अंगठीने ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं आणि ते थेट रेशनकार्डावर जाऊन बसलं. माहेरचं नाव फक्त मामा घ्यायचा. मामा गेला तेव्हा तेही गेलं. बाईला नावं दोन आणि हाकेला एक नाही. मला या रीतीचा संताप येतो, आणि माझ्या संतापाचं आईला हसू येतं.

एकदा मॅडम आईलाच म्हणाल्या, "काकी, तुम्ही काकांना नावाने हाक मारून बघा. त्यांना मदत होईल." आईने पदर सावरला. मला वाटलं, झालं, आता ही उठून चालू लागणार. तर हिने चक्क उखाणा सुरू केला. "मिठागरात पिकतं मीठ, शेतात पिकतो भात," असं म्हणत, मध्ये बाबांचं नाव घेऊन, ती "कदी सोडला नाय हात" इथवर पोचली आणि नव्या नवरीसारखी लाजली. बाबा अर्ध्या तोंडाने हसले. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्यानंतर एका दुपारी आई ताटात तांदूळ निवडत होती. शेजारी बसलेल्या बाबांनी त्यात बोट घातलं.

"अवो, सांडतील ना," आई म्हणाली.

बोट तांदळातून फिरत राहिलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग त्यांच्या तोंडून तुटक तुटक एक नाव आलं. तिचं माहेरचं नाव. आईचे हात होते तिथेच राहिले.

"यवडी वरसं ध्यानात ठेवलंत?" ती हळूच म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले. बाबा बिचारे आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होते, आपण काय बिघडवलं ते त्यांना कळेना.

पुढच्या वेळी मॅडमनी नेहमीसारखं आईकडे बोट दाखवलं. "काका, ह्या कोण?"

बाबांनी न अडखळता तेच नाव घेतलं. मॅडमनी समोरच्या फाइलीत बघितलं आणि प्रेमानेच मान हलवली. "नाही काका, चुकलं. परत आठवा बरं."

बाबांचा चेहरा उतरला. मी काही बोलणार, तेवढ्यात आई खुर्चीत पुढे सरकली. चारचौघांत बाबांच्या आधी तोंड उघडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"त्यांचं नाय चुकलं," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर चुकलंय. माजं नाव तेच हाय."