कोपऱ्यातला अंगठा

वाशिममध्ये आम्ही सात-आठ जण जुन्या पाट्या गोळा करतो. दुकानावर फ्लेक्स चढला की उतरवलेली टिनाची पाटी भंगारात जाण्याआधी मागून आणायची आणि वाचनालयाच्या भिंतीवर टांगायची. लोक हसतात. हसेनात का!

माझा बाप पाट्या रंगवायचा, आणि त्याला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं, बाप तिच्यातली अक्षरं चित्रासारखी उतरवून घ्यायचा. माझ्या प्रगतिपुस्तकावर मात्र सहीच्या जागी अंगठा. वर्गात मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाप गेला. त्याच्या साऱ्या पाट्याही गेल्या. गेल्या वर्षी केनवडच्या बाजारात एक सापडली, 'सायकल भाड्याने मिळेल'; अक्षरांच्या वळणावरून बापाचीच म्हणून ओळखली. मायला फोन केला. म्हणाली, "मले एकडाव पाहू दे. मंग डोये मिटले तरी चालते."

मायला दाखवायची म्हणून मला चेव आला. बाकीचे म्हणाले, आहे तशीच राहू द्या. ऐकतो कोण! पेंटरचा पोरगा ना मी! अक्षरांना हात लावला नाही, फक्त भोवतालचा निळा रंग पुन्हा भरला. खाली उजव्या कोपऱ्यात एक काळपट डाग होता, तोही झाकला. पाटी कशी नव्या नवरीसारखी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माय आली. अक्षरांकडं तिनं पाहिलंही नाही. वाचता तिलाही येत नव्हतं. वाकून थेट कोपऱ्याशी गेली.

"आंगठा कुठी हाय?"

"कोणता अंगठा?"

"तुह्या बापाचा. पाटी झाली का सही म्हनून लावत जाय. काहून रे, तुले ठाव नाही?"

नव्हतं ठाऊक. त्याच्या अंगठ्याकडं मी उभ्या जन्मात नीट पाहिलंच नव्हतं. 'मीच झाकला,' मी सांगितलं. लाज वाटली, स्वतःची. माय पदरानं कोपरा पुसत राहिली, मग बोटानं चाचपत राहिली. रंग पुरता वाळला नव्हता. तिनं हात उचलला तेव्हा तिथं तिचाच अंगठा उमटला होता.

माय दिवाळीआधी गेली. पाटी वाचनालयात आहे. लोक कोपऱ्यातला ठसा पाहून विचारतात, हा कोणाचा? मी सांगतो, पेंटरचा. एक अंगठा रंगानं झाकला, दुसरा असा खोटं बोलून. संध्याकाळी कुलूप लावायला निघताना त्या भिंतीकडं पाठ करायची मला भीती वाटते.