परशूचा कमांडर आणि तरव्यातली पंगत

परशूइतका पोकळ डौल मी उभ्या जोयडा तालुक्यात बघितला न्हाई. गोव्यात कुठल्याशा कारखान्याच्या फाटकावर त्यानं उमर घालवली. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं, एवढाच त्याचा पराक्रम. पण गावी परतला तो लढाई जिंकून आल्यासारखा. छाती पुढं, गळ्यात शिट्टी. मागाहून बेळगावच्या मेव्हण्याकडून एक कुत्रा आणला. लोंबते कान, झुपक्याची शेपटी, अंगापेक्षा केसच जास्त. आणि नाव काय, तर कमांडर!

आमच्याकडं मोड आलेलं भात वाफ्यात टाकलं की रोप हिरवं होईपर्यंत पाखरांपासून जपावं लागतं. हे रोप म्हणजे तरवा. तरवा गेला तर लावणी गेली, लावणी गेली तर वर्षाचं भात गेलं. म्हणून सगळ्यांचे वाफे शेजारी शेजारी, आणि राखण पाळीपाळीनं. ज्याची पाळी त्यानं बांधावर बसून डबा बडवायचा. परशूला त्याची पाळी सांगायला मीच गेलो.

"तात्या, जन्मभर राखणच केली की मी," तो म्हणाला. "आता राखण करायची न्हाई, करवून घ्यायची. माझा कमांडर बघून घेतो."

"अरे, त्याला पाखरू म्हणजे काय ते तरी ठावं हाय काय?"

"ट्रेनिंग हाय त्याला!"

आणि या शहाण्यानं आपला वाफा सगळ्यांपासून तोडून लांब ओढ्याकाठी केला.

पहिल्याच सकाळी कमांडरची गाठ टिटवीशी पडली. तिची अंडी होती बांधावरच्या खड्यांत. हे ध्यान हुंगत तिकडं गेलं, आणि टिटवी किंचाळत अशी झेपावली, की पठ्ठ्या शेपूट घालून जो सुटला तो थेट परशूच्या बायकोच्या चुलीमागं.

"आलं बघा तुमचं साहेब," तुळजा नवऱ्याला म्हणाली. "च्या टाकू काय त्यास्नी?"

परशूचा अपमान झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं वाफ्याच्या मधोमध खुंटा ठोकला, कमांडरला बांधला, आणि साहेब उपाशी राहू नयेत म्हणून पुढ्यात परातभर भात न् सुकटीचं कालवण ठेवलं. पाखरांपासून भात राखायला पाखरांनाच भाताचं आवतण! असली अक्कल वाडीतल्या शेंबड्या पोरालाही सुचली नसती.

मी आमच्या वाफ्यांच्या बांधावर पाळीला बसलो होतो, तिथून ओढ्याकाठचं सगळं दिसायचं. आधी कावळे आले, सुकटीच्या वासानं. मग साळुंक्या. परात रिकामी झाली तशी सगळी मंडळी वाफ्यात उतरली. तो गलका ऐकून रानातून लांडोरी आल्या, मागून मोर. मी हाका मारल्या, डबा बडवला. पण एवढ्या लांबून कोण ऐकतो! मोर कमांडरच्या शेपटीवर पाय देऊन पुढं गेला, आणि या सेनापतीनं शेपूट हलवली. पाव्हणे आल्याचा आनंद!

परशू शिट्टी फुंकत आला तेव्हा वाफ्यात पायांच्या नक्षीशिवाय काही उरलं न्हवतं. पुन्हा पेरायला बियाणं न्हाई. उरलेलं त्यानं मेव्हणा पाव्हणा आला तेव्हा मोठेपणा करायला कांडून वाढलं होतं.

लावणी आली. सगळ्यांची शेतं भरली, परशूची मोकळी. जास्तीचं रोप आधी राखणीच्या पाळीकऱ्यांत वाटायचं, ही आमची रीत. परशू पाळीत न्हवताच, तरी गेला बापडा शेजारच्या काशीअक्काकडं.

"अक्का, चार जुड्या असतील तर..."

"तुझ्या कमांडरला पाठव की मागायला," काशीअक्का चिखलातून मानही वर न करता म्हणाली. "त्याची वळख मोठी. मोर सुदिक पाव्हणे येतात त्याच्याकडं."

बाया खदखदून हसल्या. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? परशूनं मान खाली घालून गळ्यातली शिट्टी सदऱ्याच्या आत सारली. तुळजा मात्र कालपासून त्याच चिखलात मुकाट लावणी करत होती. तिच्याकडं बघून अक्कानं बांधावरच्या जुड्या दाखवल्या. "घेऊन जा. तुझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी."

त्यात परशूचं खालचं शेत कसंबसं लागलं. वरच्यात कमरेइतकं गवत वाढलं. वाटेनं जाणाऱ्या कुणी विचारलं की तो छाती काढून सांगतो, "मुद्दाम ठेवलंय. जमिनीला इश्रांती लागते, तुमास्नी काय कळतंय त्यातलं!"