शिक्षिकेच्या हाताची घडी

हाताची घडी, तोंडावर बोट. आपण सगळे शाळेत हे ऐकतच मोठे झालो. नव्वदच्या दशकात हैदराबादेत बालवाडीच्या शिक्षिका तयार करताना मी तो हुकूम उलटा केला. मुलांनी बोलायचं, हात चालवायचे. घडी घालायची ती शिक्षिकेने.

आमचं प्रशिक्षण केंद्र आबिड्सला, एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. शेजारी संगणकाचे वर्ग निघाले होते आणि गल्लोगल्ली इंग्रजी शाळा. साडेतीन वर्षांच्या मुलाने ए टू झेड लिहून दाखवावं, ही पालकांची मागणी. माझ्याकडे येणाऱ्या बायका हुशार होत्या आणि प्रेमळही. अडचण त्या प्रेमाचीच होती. मुलाच्या बुटाची नाडी सुटली की या वाकून बांधून मोकळ्या. मुलाने आंब्याचं चित्र काढलं की देठ यांनी काढायचा. म्हणून नियम केला होता: मूल स्वतःहून तुमच्याकडे बघत नाही तोवर घडी सोडायची नाही. पहिले काही दिवस बायका हसायच्या. मग त्यांना कळायचं की हे पाठ घेण्यापेक्षा अवघड आहे.

अशाच एका तुकडीत नांदेडकडची एक जण होती, लग्न होऊन इथे आलेली, साधारण माझ्याच वयाची. नवऱ्याने सरकारी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यामुळे घर आता तिच्या पगारावर चालायचं होतं. नामपल्लीजवळच्या एका नव्या शाळेने तिला तात्पुरतं ठेवून घेतलं होतं. शाळेचे मालक मूळचे फरशीचे व्यापारी. पालकसभेत मुलांना काय येतं ते दिसलं पाहिजे, नाहीतर दुसरी टीचर बघतो, असं त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. माझ्याकडचा तिचा परीक्षेचा पाठही त्याच दिवशी, त्याच वर्गात ठरला.

काय दाखवू, म्हणून ती विचारायला आली. अ‍ॅपल, बॉल घोकून घ्यावं का, असं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, वर्ग तुमचा, ठरवा तुम्ही. दोन दिवसांनी तिने ठरवून सांगितलं की पाहुणे येणार आहेत, तर मुलं त्यांना पाणी देतील. आम्ही दोघी अफझलगंजला जाऊन मुलांच्या हाताला झेपतील असे स्टीलचे छोटे जग शोधून आणले. दुकानदाराला वाटलं, भातुकलीला हवेत.

सभेच्या दिवशी पालक सतरंजीवर बसले, मालक खुर्चीवर, मी मागे भिंतीला टेकून. मुलं एकेक करून पाणी देऊ लागली. मालकांच्या वाट्याला एक गोबरी, गंभीर मुलगी आली. ग्लास भरता भरता जग कलंडला आणि निम्मं पाणी त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर गेलं.

सगळ्यांच्या नजरा शिक्षिकेकडे वळल्या. ती उभी होती तिथेच, हाताची घडी घालून. मदतनीस बाई फडकं घेऊन धावल्या, तर मुलीनेच त्यांना अडवलं. "नक्को, आयाम्मा. मैं करतौं."

तिची आई अर्धवट उठली होती. तेव्हा शिक्षिका शांतपणे म्हणाली, "बैठो अम्मा, उनो कर लेती."

मुलीने जग खाली ठेवला. खुंटीवरचं आपलं छोटं फडकं आणलं, फरशी पुसली, बादलीत पिळलं. मग जरा विचार करून मालकांचे बूटही पुसले. सतरंजीवर हसू पसरलं. मालक हसले नाहीत. तिने पुन्हा जग उचलला, या वेळी दोन्ही हातांनी, आणि ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला. एवढ्या वेळात तिने टीचरकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मालक पाणी प्यायले आणि मुलं लिहिणार कधी, एवढंच त्यांनी विचारलं.

"जग सांभाळणारा हातच पेन्सिल सांभाळणार, सर," शिक्षिका त्यांच्याच हैदराबादी हिंदीत म्हणाली. "हात तयार झाला की लिहितील. आधी लिहायला लावून मला रडवायचं नाही त्यांना."

मला वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात मुलीची आई म्हणाली की घरी आम्ही हिला पाण्याला हातच लावू देत नाही. पुढच्या वर्षी हिच्या भावालाही इथेच घालायचं आहे, पण टीचर हीच असेल ना? आणखी दोघी-तिघींनी तेच विचारलं. मालक व्यापारी माणूस. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, टीचरकडे पाहिलं आणि सांगून टाकलं की हीच असेल, कायम.

त्यांना बालमानस पटलं होतं, असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक पटलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

पालक गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घडी अजून सुटली नव्हती. "मॅडम, आता सोडू का?" तिने विचारलं. हात मोकळे केले तेव्हा दोन्ही दंडांवर तिच्याच नखांचे लाल व्रण उमटलेले दिसले.

कितीतरी तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या. हाताची घडी म्हणजे काय, हे नव्या बायकांना सांगताना मी प्रत्येक वेळी त्या दंडांवरचे व्रण सांगत आले, आणि प्रत्येक वेळी माझी मान थोडी ताठ झाली.