माझी झांज ऐकवणारा इअरफोन

ऐंशीच्या दशकात माझ्या वॉकमनचा इअरफोन मी स्वतःच त्यावर बसून मोडला. नवा घ्यायला निघालो, तर शिवाजी पेठेतल्या आमच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला सल्ला द्यायला बरोबर आला. मी त्याच मंडळात झांज वाजवायचो. आवाज पारखायला म्हणून आमच्याच भजनाची कॅसेट खिशात घातली.

दुकानदारानं पहिला इअरफोन पुढं केला. "ह्यो घ्या पावणं, कसा घुमतोय बघा!"

घुमत होता खरा. पखवाज थेट छातीत वाजत होता, पण हात दुखेस्तोवर बडवलेली माझी झांज कुठंच नव्हती. दुसऱ्या इअरफोनचा आवाज पातळ, पण त्यात झांज लख्ख ऐकू आली. आणि तेव्हाच कळलं, पखवाज समेवर पोचला तरी माझी झांज अजून वाटेतच असायची.

"ह्योच द्या!" मी म्हणालो. कानात इअरफोन असल्यामुळं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

पखवाजवाल्यानं तो ओढून स्वतःच्या कानाला लावला. "अरं, नुसता पत्र्याचा डबा वाजतोय! माझा पखवाज कुठं गेला? आन् तू तर सगळीकडं चुकतोयस की!"

"चुकतोय तर चुकतोय," मी म्हणालो, "पर ह्यात मी हाय तरी!"

दुकानदार तरीही घुमणाराच पुढं सरकवत होता. तो मी परत त्याच्याकडं ढकलला. "पावणं, ऐकणार मी हाय. बांधा ह्योच."