सुभेदारांची साफसफाई

कुणावर लेख लिहावा इतकं माझं वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे चुकलं तर दुरुस्त करणारंही कुणी नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं. तरीही धीर करून लिहितो, कारण आमच्या सुभेदारांइतका स्वच्छ माणूस सातारा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्या स्वच्छतेने जेवढा घोटाळा केला तेवढा दुसऱ्या कुणाच्या गबाळेपणाने केला नसेल.

पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास काढला होता. कॉम्प्युटर एकच. त्याचं कापडी कव्हर ते रोज स्वतः इस्त्री करत. आमच्या चपलांची रांग वाकडी दिसली तर धडा सुरू होत नसे. "पलटण तळ सोडून निघाली, की मागं तंबूची खुंटीसुद्धा ऱ्हाता कामा नये," हे त्यांचं तत्त्व, आणि ते त्यांनी कॉम्प्युटरलाही लावलं. एकदा पोरांनी गुपचूप घातलेला पत्त्यांचा खेळ त्यांनी काढून टाकला. तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, की मागे राहिलेली ही फाइल आता कुणी वापरत नाही असं दिसतं, काढायची का?

"आवं सुभेदार, थांबा," मी भीत भीत म्हणालो, "दुसरं कोण वापरत असंल."

"कोण वापरतंय? फुडं यावं!" त्यांनी पडद्याकडे रोखून पाहिलं. "आलं का कोण? न्हाई. मग हितं काय काम हिचं?" आणि काढली. एवढ्यावर थांबतील तर सुभेदार कसले! आत शिरून त्यांनी एकेका फाइलीला "तू कुणाची रं?" असं विचारलं, आणि उत्तर न देणारीला घरी पाठवलं.

त्याच संध्याकाळी माझ्या ताईच्या लग्नाची पत्रिका छापखान्यात द्यायची होती. ती त्याच कॉम्प्युटरवर जुळवलेली होती. सासर सांगलीचं. नवरदेवाचे थोरले चुलते, तात्या, मानपानाला लय कडक. एका लग्नात पत्रिकेत त्यांचं नाव धाकट्या भावाच्या खाली आलं, तर ते मांडवातून उठून गेले होते. त्यामुळे माझ्या वडिलांनी नावांचा क्रम चार जाणत्यांना विचारून लावला होता. आणि आता मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडेचना. एक फाइल सापडत नाही, एवढंच तो सांगत राहिला. पत्रिका आत अडकली.

"आपलाच जवान मारला गड्या," सुभेदार हळूच म्हणाले. पत्रिका न्यायला आलेले वडील कपाळाला हात लावून बसले होते. "पाव्हनं लगीन मोडत्याल," एवढंच ते म्हणत होते.

मग सुभेदारांनी बाह्या सारल्या, काळी शाई आणि बोरू मागवला. पलटणीत पाट्या रंगवायचं काम त्यांच्याकडे असायचं, हे आम्हाला तेव्हा कळलं. वडील आठवून नावं सांगत गेले आणि सुभेदार ताठ बसून लिहीत गेले. छापखान्याने त्याच अक्षराचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, केला.

पत्रिका सांगलीला गेली, पण तिकडून शब्द नाही. लग्नाच्या दिवशी तात्या पत्रिका हातात घेऊनच मांडवात शिरले.

"ह्ये कुणी लिवलंय?"

वडिलांचा चेहरा उतरला. सुभेदार खाडकन उभे राहिले. "म्या."

"आवं, माझं नाव एवढं देखणं हाय, ह्ये मला ह्या वयात कळलं!" म्हणत तात्यांनी त्यांना ओढून आपल्या पाटाशेजारी बसवलं, आणि जिलब्यांचा आग्रह करून करून बेजार केलं.

पुढे मी शिकायला पुण्याला आलो. परीक्षा होती म्हणून घरच्यांनी मला कळवलं नव्हतं. शेवटी ताईनेच फोनवर सांगितलं, की सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला. तात्या सांगलीहून एसटीने त्यांना भेटायला जातात. तात्यांच्या नातीचं लग्न ठरलंय, पण ते पत्रिका छापू देत नाहीत. "घाई काय हाय? सुभेदारांच्या हाताला आराम पडू द्या," म्हणतात.

डॉक्टरांनी त्या हाताची आशा सोडली आहे. हे तात्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.