मूळ जात लिही

पोलीस शिपायानं आईच्या हातातला पेला ओढून घेतला, नाकाशी नेला. "इसमें क्या पिलाकर ईसाई बनाते हो?"

तुळशीचा काढा होता. आईला खोकला होता.

झाशीतल्या नगरा भागात आमच्या दोन खोल्या. रविवार सकाळ. मंगळवारी आईचं ऑपरेशन, म्हणून चर्चमधली सहा माणसं घरी प्रार्थनेला आलेली. कुणीतरी तक्रार केली, धर्मांतर चाललंय. शिपायामागून पाच-सहा जण बुटांसकट आत. एकानं बायबल पायानं बाजूला सरकवलं.

मग समोरचे वकीलकाका आले. इथलं जुनं मराठी घराणं. दरवर्षी त्यांच्या गणपतीत आई टाळ वाजवते. मला वाटलं, वाचलो.

काकांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. अगदी मायेनं म्हणाले, "बाळ, चुकून झालं असं लिही. आणि तुमची मूळ जात लिही. म्हणजे प्रकरण मिटेल."

मूळ जात.

त्याच जातीपायी माझ्या आजोबांना जालन्याकडच्या गावात विहिरीला हात लावू देत नव्हते. ते ख्रिस्ती झाले. शिकले. रेल्वेत लागून इथे आले. तेव्हा कुणाला तक्रार सुचली नाही.

आणि मी? मी तरी कुठली शूर! शाळेत शिकवायला टिकली लावून जायचे. कुणी विचारलं तर "हम मराठी हैं," एवढंच.

आईनं पेनाकडे हात नेला. "दे गं, मी लिहिते. जाऊ देत यांना."

सत्तर वर्षांची बाई. स्वतःच्या घरात प्रार्थना केली म्हणून माफी लिहिणार. मला बघवेना. पेन मी घेतलं. लिहिलं: हे आमचं घर आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत. आजारी आईसाठी प्रार्थना करत होतो. खाली सही.

काकांनी वाचलं. "मग मी काही करू शकत नाही." निघून गेले.

मला दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी सोडताना म्हणाले, "जब बुलाएँगे, आना पड़ेगा।"

आईचं ऑपरेशन झालं. शाळेनं 'सध्या येऊ नका' म्हणून कळवलं. काका नजर चुकवतात. गल्लीच्या तोंडाशी रोज दोन मोटारसायकली असतात, आमच्या घराकडे तोंड करून. काल त्यावरच्या एकानं हसत विचारलं, "दीदी, इस इतवार भी होगी?"

"होगी," मी म्हणाले. "दस बजे."

सहांपैकी दोघेच येतो म्हणालेत. तेही नाही आले तर मी आणि आई. दाराला कडी लावणार नाही.