नवसाच्या डोंगरावरून उतरताना

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा माझा नवरा तिथे खलाशी होता. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. लोखंडाचे गर्डर उंचावर नेऊन बसवणाऱ्यांना तिथे खलाशी म्हणत. सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणातून भट्टीचा सांगाडा दिसायचा. मी शेजारणींना बोट करून दाखवायची, "ते सगळ्यात वरचं दिसते ना, तिथं आमचे हे असतात." मोठाच तोरा होता मला.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या मामींना, त्याच सांगाड्याची धडकी भरली होती. भंडाऱ्याकडून त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि त्याच आठवड्यात एक माणूस वरून पडला. त्या लगेच नवस बोलल्या, की ही भट्टी पुरी होईपर्यंत लेक सुखरूप राहिला तर राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीपलीकडच्या देवीला डोंगर पायी चढून नारळ वाहीन. भट्टी पुरी झाली, लेक सुखरूप राहिला. सोमवारपासून त्याला दुसऱ्या भट्टीवर जायचं होतं, म्हणून रविवारी नवस फेडायला आम्ही तिघं खाणीकडे जाणाऱ्या ट्रकमधून निघालो.

डोंगराला पायऱ्या नव्हत्या, पुजारी नव्हता, खालच्या वस्तीपासून वर कोणी राहतही नव्हतं. मामींचा एक गुडघा कायम सुजलेला. हात टेकून, खडक धरून चढणं त्यांना जमणारं नव्हतं. पायाने चालत जाता येईल अशीच वाट हवी होती. मी डोंगराच्या पायथ्याच्या गावात वाढलेली, गाई चारलेली. मला एवढं ठाऊक होतं की लेंड्या दिसल्या तर त्या वाटेचा भरवसा धरायचा नाही, बकरी कुठेही चढते. शेण दिसलं तर खुशाल जायचं, कारण गाय उतरता येणार नाही तिथे चढतच नाही. शेण बघत बघत मी मामींना उगवतीच्या बाजूने वर नेलं. वेळ लागला, पण त्यांना कुठे वाकावंसुद्धा लागलं नाही.

नारळ फुटला, आणि भांडण सुरू झालं. मामी म्हणाल्या, आल्या वाटेने उतरायचं नाही. नवस ज्या वाटेने वर नेला त्याच वाटेने खाली उतरलं तर तो पुन्हा घरी येतो. हे कोणत्या शास्त्रात आहे ते देवीलाच ठाऊक. पण गुडघा घेऊन एवढं चढलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

मावळतीकडे दोन वाटा होत्या. एक डोंगराच्या लांब सोंडेवरून, वळसा घालून. दुसरी कोरड्या नाल्यातून, थेट रस्त्याकडे, जिथे परतीचा ट्रक उभा राहणार होता. ऊन कलायला लागलं होतं.

"नाल्यानं चला," नवरा म्हणाला. "समोर रस्ता दिसून राहिला."

"रस्ता दिसते, पण मधातलं कुठं दिसते?" मी म्हटलं. "नाल्यात शेण नाही. सोंडेनं जाऊ."

"मी रोज भट्टीवर चढतो, आन् तू मले उतरणं शिकवतं?"

मामींनी लेकाचीच बाजू घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण गिळला.

नाला आधी ऐसपैस होता. मग दोन्ही काठ वर वर जाऊ लागले, दगड मोठे झाले, आणि एका वळणापाशी मामींचा गुडघा बोलायला लागला. त्यांना सावलीत बसवून आम्ही दोघं पुढे वाट पाहायला गेलो. वळणापलीकडे नाला संपला होता. पावसाळ्यात जिथून पाणी पडत असेल तिथे आता नुसता उभा, गुळगुळीत खडक होता, चार-पाच पुरुष तरी खोल.

"थांब, पाहून येतो," म्हणून तो शिडीवरून उतरावं तसा तोंड खडकाकडे करून उतरू लागला. मी नको म्हणेपर्यंत निम्मा खाली गेलासुद्धा. मग त्याच्या पायाखालचा दगड निसटला. खाली आपटल्याचा आवाज यायला केवढा वेळ लागला! लोखंड जागचं हलत नाही, त्याची सवय त्याला. दगड असा दगा देतो हे त्याच्या हातापायांना माहीतच नव्हतं.

मी पालथी पडून खाली पाहिलं. तो दोन्ही हातांनी खडकाला चिकटला होता आणि त्याचा एक पाय अधांतरी लोंबत होता.

"वर या," मी कुजबुजले. ओरडले असते तर मामी त्या गुडघ्यानिशी धावत आल्या असत्या आणि घसरून थेट त्याच्या अंगावर गेल्या असत्या.

"हात सुटून नाही राहिला," तो म्हणाला. "भीती वाटून राहिली."

"तुमाले? भीती?"

"रोज वाटते. वर गेलो की पयले वाटतेच. मंग जाते. आज जाऊन नाही राहिली."

मी त्याला उंचावर कधी पाहिलंच नव्हतं. अंगणातून दिसायचा तो सांगाडा, माणूस नव्हे. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की माझी जीभ सुटते. कुजबुजत, पण जे तोंडाला येईल ते बोलत मी त्याला झापलं. शेण दिसत नाही म्हटलं होतं ना, मग ऐकलं कावून नाही? आता डावा पाय उचला. वर नाही, बाजूले. तिथं खाच आहे. डोळे मिटू नका म्हटलं ना! शिव्या खात खात तो एकेक पाय वर आला. त्याचं मनगट हाती लागलं तेव्हा ते थंडगार होतं.

"कावून एवढा उशीर?" मामींनी विचारलं.

"वाट पाहून राहिलो होतो," तो म्हणाला.

परत वर चढून सोंडेवर आलो. शेण होतं. मामी कुरकुरत, पण ताठ चालत उतरल्या. अंधार पडता पडता रस्त्याला लागलो तेव्हा ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मामींना कृतार्थ वाटत होतं. दुसऱ्या वाटेने उतरल्यामुळे नवस पुरा फिटला, आता लेकाला काही होत नाही, असं त्या घरापर्यंत सांगत होत्या. तो मान डोलवत होता.

सोमवारी सकाळी तो नव्या भट्टीवर जायला निघाला. मी सायकलपर्यंत गेले आणि हळूच म्हटलं, "ज्या वाटेनं वर जासाल, त्याच वाटेनं खाली या."

तो हसेल असं वाटलं होतं. "येतो," म्हणाला आणि पायडल मारलं.

थोड्या वेळाने शेजारीण नवीन राहायला आलेल्या बाईला घेऊन अंगणात आली. "यायले दाखव ना, तुमचे हे कुठं असतात ते," म्हणाली. माझा हात वर होईना. "तिकडंच कुठंतरी असतात," मी म्हटलं आणि घरात गेले.